आधी धुणे, मग औषध: कंगवा, फणी आणि ट्रिमर यांच्या स्वच्छतेविषयी

घरातल्या रोजच्या वापरातली सर्वांत कमी धुतली जाणारी वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी कंगव्याचे नाव घेईन. दात घासायचा ब्रश रोज पाण्याखाली जातो, टॉवेल आठवड्यातून एकदा तरी धुतला जातो. कंगवा मात्र आरशाखालच्या खणात वर्षानुवर्षे पडून राहतो आणि त्याच्या दातांच्या बुडाशी राखाडी, मेणचट थर साचलेला स्पष्ट दिसत असूनही आपण त्याच कंगव्याने भांग पाडून कामाला लागतो. पाहुण्यांसमोर तो ठेवायची वेळ आली की मगच त्याच्याकडे नीट लक्ष जाते.

हा थर कशाचा असतो ते समजून घेतले म्हणजे तो कसा काढायचा हेही आपोआप समजते. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात, आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. त्यांतले बरेचसे कंगव्यात अडकतात. टाळूच्या त्वचेतून तैलद्रव्य सतत पाझरत असते आणि मृत त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे सुटत असतात. त्यात आपण लावलेल्या खोबरेलाची, जेलची, रस्त्यावरच्या धुळीची आणि टॉवेलच्या बारीक तंतूंची भर पडते. तेलामुळे हे सगळे एकमेकांना चिकटते, आणि काही आठवड्यांनी तेच तेल खवट होऊन कंगव्याला तो ओळखीचा वास येऊ लागतो.

अशा कंगव्याने माणूस लगेच आजारी पडतो, असे सांगून मला कोणालाही घाबरवायचे नाही. कोंड्याशी ज्याचा संबंध जोडला जातो ती मलासेझिया नावाची बुरशी निरोगी माणसाच्या टाळूवरही असतेच. ती कंगव्यातून नव्याने येते असे नाही. स्वतःचा, एकट्याने वापरलेला कंगवा मळका असला तर होणारे नुकसान साधे असते: न्हाऊन स्वच्छ केलेल्या केसांवर आपण मागच्या पंधरवड्याचे तेल आणि धूळ पुन्हा पसरवतो. प्रश्न गंभीर होतो तो वस्तू एकाहून अधिक लोकांनी वापरली की, आणि त्वचेला जखम करू शकणारे पाते मध्ये आले की.

मी बरीच वर्षे एका रुग्णालयाच्या उपकरण निर्जंतुकीकरण विभागात, ज्याला सगळे सीएसएसडी म्हणतात तिथे, काम केले. शस्त्रक्रियागृहातून आलेल्या कात्र्या आणि चिमटे तिथे थेट वाफेच्या यंत्रात जात नाहीत. आधी ते उघडून, बिजागरीच्या खाचेत ब्रश घालून, पाण्याखाली घासले जातात. मग धुऊन, कोरडे करून, भिंगाखाली पाहिले जातात. आणि खाचेत ठिपकाभर जरी रक्त वाळलेले दिसले तरी ते उपकरण पुन्हा धुण्याच्या टेबलावर परत जाते. कारण अगदी सरळ आहे. वाळलेल्या रक्ताखाली किंवा तेलाच्या थराखाली बसलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोहोचतच नाही, आणि कित्येक जंतुनाशकांची शक्ती त्या मळाशी झटापट करण्यातच खर्च होते. घरी मात्र मला नेमका उलटा क्रम दिसतो. मळका कंगवा तसाच बादलीत टाकला जातो, वरून पाण्यात पांढरे होणारे जंतुनाशक ओतले जाते, त्या दुधाळ रंगाने आणि दवाखान्यासारख्या वासाने मनाचे समाधान होते, आणि थोड्या वेळाने कंगवा बाहेर निघतो तो मळासकट. न धुतलेल्या वस्तूवर टाकलेले जंतुनाशक जवळजवळ वाया जाते, हे या संपूर्ण लेखातले माझे मुख्य म्हणणे आहे आणि पुढचे बहुतेक सारे त्यातूनच येते.

साध्या प्लास्टिकच्या कंगव्यासाठी शाम्पूसारखे दुसरे काही नाही, कारण केसांवरचे तेल सोडवण्यासाठीच तो बनवलेला असतो. अडकलेले केस प्रथम कोरडेच ओढून काढावेत. ओले झाल्यावर ते दातांभोवती गुंडाळून बसतात आणि मोरीच्या जाळीत जाऊन पाणी तुंबवतात ते वेगळेच. मग कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू घालून कंगवा पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा आणि टाकून द्यायला काढलेल्या टूथब्रशने दातांच्या बुडापासून टोकाकडे घासावा. आडवे घासले तर ब्रशचे केस दातांच्या वरूनच सरकतात आणि बुडाचा थर तसाच राहतो. थर जुना आणि घट्ट असेल तर जाड शिवणदोरा ताणून दोन दातांमधून पुढेमागे ओढावा. पूर्वी घरोघरी फणी याच पद्धतीने साफ करत, आणि आजही याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. शाम्पू नको असेल तर रिठ्याचे पाणीही चालते; त्याच्या फेसातही तेल सोडवण्याचा गुण असतो, म्हणून तर सोन्याचे दागिने रिठ्यात घासण्याची पद्धत होती. उकळते पाणी मात्र साध्या प्लास्टिकवर ओतू नये. कंगवा वाकडा होतो आणि त्याच्या दातांमधले अंतर कमी-जास्त होऊन तो केस ओढू लागतो.

बोअरवेलचे पाणी असलेल्या घरांत कंगव्यावर आणखी एक पांढरट, खरखरीत पापुद्रा बसतो. तो क्षारांचा असतो आणि शाम्पूला दाद देत नाही. निम्मे पाणी आणि निम्मे व्हिनेगर अशा मिश्रणात काही वेळ ठेवले की तो सुटतो, पण हे तेल काढून झाल्यावर करायचे. तेलाच्या थरावर व्हिनेगर ओतून काही होत नाही.

लाकडी कंगव्याचे शास्त्र वेगळे आहे. अलीकडे कडुनिंबाच्या लाकडाचे कंगवे पुष्कळ घरांत आले आहेत, आणि कडुनिंबाचा आहे म्हणजे त्याला काही करावे लागत नाही, असा एक सोयीस्कर समजही त्यांच्याबरोबर आला आहे. कडुनिंबाच्या लाकडावर तेल आणि धूळ अगदी तशीच बसते. मात्र लाकूड पाणी शोषून फुगते आणि वाळताना चिरते, त्यामुळे असा कंगवा बुडवून ठेवता येत नाही. केस काढावेत, शाम्पूच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आणि ब्रशने दात पुसावेत, लगेच स्वच्छ ओल्या फडक्याने शाम्पू काढावा, आणि सावलीत पूर्ण वाळवून अगदी थोडे तेल चोळून जास्तीचे टिपून घ्यावे. कडक उन्हात ठेवलेला लाकडी कंगवा लवकर तडकतो. शिंगाची जुनी फणी कोणाकडे असेल तर तिलाही हीच पद्धत लागू आहे. गरम पाण्याने शिंग मऊ पडून वाकते.

आता गादीच्या ब्रशविषयी, कारण सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच होतो. रबराच्या फुगीर गादीवर काड्या रोवलेल्या असतात, त्या गादीला बहुधा एक छोटे छिद्र असते आणि आत पोकळी असते. दाबल्यावर गादी खाली जावी म्हणून हवेला वाट दिलेली असते. असा ब्रश बादलीत बुडवला की त्याच छिद्रातून पाणी आत शिरते आणि ते पूर्ण बाहेर यायला फार वेळ लागतो. आतल्या ओलीत बुरशी धरते, आणि बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या ब्रशला कुबट वास येऊ लागतो. म्हणून हा ब्रश बुडवायचा नाही. आधी कंगव्याच्या शेपटीने किंवा विणकामाच्या सुईने काड्यांच्या रांगांमधून केसांचे जाळे उचलायचे. लांब केस असलेल्यांच्या ब्रशवर ते अखंड चटईसारखे निघून येते. त्याखाली गादीला चिकटलेला धुरकट रंगाचा कापूस दिसतो. तो कापूस नसून मृत त्वचा, धूळ आणि कपड्यांचे तंतू यांचा थर असतो, आणि घरातल्या बहुतेकांना तो काढायचा असतो हेच ठाऊक नसते. टूथब्रश शाम्पूच्या पाण्यात बुडवून, झटकून, काड्यांच्या मुळाशी गोल फिरवायचा. छिद्रावर अंगठा धरून, काड्या खाली करून, ब्रश नळाच्या बारीक धारेखाली क्षणभर धरायचा, आणि टॉवेलवर काड्या खालीच राहतील असा पालथा घालून रात्रभर वाळवायचा. उताणा वाळवला की उरलेले पाणी गादीतच उतरते.

हे किती वेळा करावे, याचे एकच उत्तर देता येणार नाही. रोज तेल लावणाऱ्या माणसाचा कंगवा आठवड्याला मळतो. तेल न लावणाऱ्याचा पंधरा दिवस चालतो. केस मात्र रोजच्या रोज काढावेत, आणि ते मोरीत न टाकता कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावेत. पूर्वी कित्येक घरांतल्या बायका हे गुंतवळ पिशवीत साठवत आणि ‘केसांवर भांडी’ अशी आरोळी ठोकत गल्लीत येणाऱ्या बाईकडून त्या बदल्यात एखादी वाटी किंवा डबा घेत. त्या निमित्ताने का होईना, कंगव्यातले केस रोज निघत असत.

शाळकरी मुले असलेल्या घरात फणीला वेगळे महत्त्व येते. उवा उडत नाहीत आणि उड्याही मारत नाहीत. त्या मुख्यतः डोक्याला डोके लागून पसरतात आणि काही प्रमाणात कंगवा, फणी, टोपी यांच्यामार्फत. ऊ माणसाचे रक्त पिऊन जगते, त्यामुळे डोक्यावरून खाली पडल्यावर ती एक-दोन दिवसांपेक्षा जास्त तग धरत नाही. आणि लिखांना टाळूची ऊब मिळाली नाही तर त्या सहसा फुटत नाहीत. म्हणून घरभर फवारणी करण्याची काही गरज नसते. ज्या फणीने उवा काढल्या ती फणी, आणि गेल्या एक-दोन दिवसांत मुलाने वापरलेले कंगवे, एवढ्यांचीच नीट व्यवस्था लावावी लागते. त्यासाठी ५४ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडवून ठेवणे पुरेसे असते. घरात तापमापक नसला तरी अडत नाही: पातेल्यात नळाचे पाणी घेऊन त्यात तेवढेच उकळते पाणी ओतले की साधारण साठ अंशांचे पाणी मिळते, आणि वर झाकण ठेवले की हवा तेवढा वेळ ते गरम राहते. त्या पाण्यात हात घालू नये. फणी चिमट्याने किंवा झाऱ्याने काढावी. स्टीलची फणी असेल तर ती सरळ उकळता येते, आणि म्हणूनच उवांसाठी प्लास्टिकपेक्षा स्टीलची फणी घ्यावी, असे माझे मत आहे.

फणी फिरवत असतानाही स्वच्छता चालूच ठेवावी लागते, याकडे बऱ्याच जणांचे दुर्लक्ष होते. प्रत्येक वेळी फणी केसांच्या टोकापर्यंत आली की ती पांढऱ्या कागदावर किंवा ओल्या पांढऱ्या फडक्यावर पुसावी. पांढऱ्यावर काय निघाले ते दिसते, आणि काढलेलीच ऊ पुढच्या फेऱ्यात परत डोक्यावर जात नाही. लिखा दातांच्या बुडाशी अडकतात, त्यांच्यासाठी पुन्हा तोच शिवणदोरा.

उवांपेक्षा मला डोक्याच्या नायट्याची जास्त धास्ती वाटते. ही बुरशी मुलांच्या डोक्यावर गोल चकंदळे उठवते, तिथले केस मुळाशी तुटतात, आणि घरातले लोक त्याला चाई समजून तेले लावत बसतात. चकंदळ दिसले की त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, त्याला पर्याय नाही. पण औषध चालू असताना जुना कंगवा तसाच वापरत राहिलो तर दुखणे पुन्हा घरात फिरते, कारण या बुरशीचे बीजाणू कंगवा, टोपी, केस कापायचे मशीन अशा वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकू शकतात. अशा वेळी वीस-तीस रुपयांचा प्लास्टिकचा कंगवा धूत बसू नये, सरळ टाकून द्यावा. मशीन टाकता येत नाही, म्हणून ते नीट साफ होईपर्यंत आणि मूल बरे होईपर्यंत घरातल्या इतरांनी त्याला हात लावू नये.

मशीनचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे सविस्तर लिहिते. २०२०च्या टाळेबंदीत सलून बंद असताना पुष्कळ घरांत ट्रिमर आले आणि तिथून पुढे बाप, मुलगे आणि कधीकधी आजोबा अशी एकाच मशीनवर सगळ्यांची दाढी आणि केस सुरू झाले. या मशीनला दोन पाती असतात: खालचे स्थिर आणि वरचे डावीकडून उजवीकडे वेगाने सरकणारे. या दोहोंच्या फटीत केसांचा भुसा, त्वचेचे कण आणि तेल यांचे पीठ जमते. बाहेरून फुंकर मारून ते निघत नाही, पाते काढावेच लागते. ते कसे निघते हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती पुस्तिका बहुतेकांनी खोक्याबरोबरच रद्दीत घातलेली असते.

पाते काढल्यावर सोबत आलेल्या छोट्या ब्रशने किंवा टूथब्रशने दोन्ही बाजू आणि आतला खळगा कोरडाच झाडावा. मशीनवर नळाचे चिन्ह असेल तर डोके पाण्याखाली धरता येते. नसेल तर पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नये. एकाहून अधिक लोक वापरत असतील तर झाडून झाल्यावर पात्यांना ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे. ९९ टक्क्यांचे अधिक जालीम म्हणून ते आणण्याचा मोह होतो, पण जंतूंमधली प्रथिने नासवण्यासाठी अल्कोहोलला पाण्याची जोड लागते आणि शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जाते. पाते ओले दिसेपर्यंत लावून ते आपोआप वाळू द्यावे, लगेच पुसू नये. अल्कोहोल पेट घेते, म्हणून मशीन बंद आणि थंड असतानाच हे करावे आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब बसून करावे. ब्लीचचे पाणी पात्यांना कधीही लावू नये, कारण ते धातू खाते.

अल्कोहोल मळाबरोबर पात्यावरचे तेलही घेऊन जाते, त्यामुळे शेवटी तेल देणे हा स्वच्छतेचाच भाग आहे. पात्यांच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि मध्ये मिळून दोन-तीन थेंब पुरतात; मशीन थोडा वेळ चालू करून तेल पसरू द्यावे आणि वर आलेले टिपून घ्यावे. हे तेल पातळ खनिज तेल असते. मशीनबरोबर आलेली कुपी संपली की शिलाई मशीनचे तेल चालते, ते त्याच जातीचे असते. खोबरेल मात्र घालू नये. साधारण २४ अंशांखाली ते गोठू लागते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ते पात्यांमध्ये घट्ट होऊन बसते. आणि थंडी नसली तरी काही काळाने ते चिकट होऊन भुसा धरून ठेवते. पाते परत बसवताना सरकणारे पाते स्थिर पात्याच्या कडेपेक्षा किंचित मागे आहे ना, हे बोटाने नाही तर डोळ्यांनी पाहावे. ते पुढे आले तर मशीन त्वचा कापते. वरच्या प्लास्टिकच्या टोप्या, म्हणजे एक, दोन, तीन नंबरच्या, या कंगव्यासारख्या धुवायच्या.

सलूनमधल्या वस्तूंविषयी लिहिताना मला जपून लिहावेसे वाटते, कारण तिथले कारागीर दिवसभर उभे राहून काम करतात आणि गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना प्रत्येकामागे दहा मिनिटे कंगवा औषधात ठेवणे सोपे नसते. तरीही काही गोष्टींचा आग्रह गिऱ्हाइकानेच धरायला हवा. वस्तऱ्यात दोन धारांच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घालण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. कागदातच ब्लेड मोडून एक अर्धा एका गिऱ्हाइकाला, दुसरा दुसऱ्याला. “दादा, ब्लेड माझ्यासमोर लावा,” एवढे म्हटले तर आजवर कोणी रागावल्याचे मला घरातल्या पुरुषांनी सांगितलेले नाही. पण ब्लेड नवी असली तरी ती ज्या पट्टीत बसते ती खाच जुनीच असते, आणि आधीच्या दाढीचा फेस, केस आणि कधी रक्ताचा अंश तिथेच वाळलेला असतो. माझ्या कामाच्या सवयीमुळे माझी नजर आधी तिथे जाते. वस्तरा उघडून ती खाच ब्रशने धुतली आणि मग स्पिरिटने पुसली, तरच नव्या ब्लेडला अर्थ आहे.

कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस टिकू शकतो, आणि रक्त डोळ्यांना दिसत नसले तरी तो असू शकतो. या एका कारणासाठी दाढीच्या सामानातली सर्वांत खटकणारी वस्तू मला तुरटी वाटते. तुरटीने रक्त थांबते आणि कातडी आवळते, हे खरे. पण तोच ओला खडा एकाच्या कापलेल्या गालावरून दुसऱ्याच्या कापलेल्या गालावर फिरतो, आणि ‘तुरटी जंतुनाशक असते’ या श्रद्धेपायी त्याला कोणी धूतही नाही. त्या विषाणूचा बंदोबस्त तुरटीने होत नाही. आपला खडा आपल्या खिशात न्यावा किंवा तुरटी नको म्हणावे. फेस लावायचा ब्रश आणि मानेवरचे केस झाडायचा पावडरीचा ब्रश हेही दिवसभर एकाच्या मानेवरून दुसऱ्याच्या मानेवर जातात. स्वच्छ कागदी रुमालाने मान झाडली तरी काम होते.

काही सलूनमध्ये निळा दिवा लावलेले छोटे कपाट असते आणि त्यात कंगवे-कात्र्या ठेवलेल्या असतात. अतिनील किरणांनी जंतू मरतात, यात शंका नाही, पण किरण जिथे थेट पडतात तिथेच. एकावर एक रचलेल्या कंगव्यांच्या सावलीत काहीच होत नाही, आणि मळाच्या थराखालीही नाही. त्यापेक्षा मला निळ्या पाण्याची काचेची बरणी बरी वाटते. अमेरिकेत १९४० च्या दशकात मॉरिस किंग यांनी तयार केलेले ‘बार्बिसाइड’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध द्रावण. धुतलेले सामान त्यात दहा मिनिटे पूर्ण बुडालेले असावे लागते आणि द्रावण रोज बदलावे लागते. बरणीत केस तरंगत असतील आणि निळ्याचे हिरवट झाले असेल तर ती बरणी केवळ शोभेची आहे, असे खुशाल समजावे. २०२० मध्ये २८ जूनपासून महाराष्ट्रात सलून पुन्हा उघडली तेव्हा सरकारी आदेशातच एकदा वापरून टाकायचे टॉवेल, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्चीची सफाई आणि पुन्हा वापरायच्या सामानाचे निर्जंतुकीकरण सक्तीचे केले होते. ही काळजी साथीपुरती नव्हे, एरवीही घ्यायला हवी होती. पण साथ ओसरली तशी तीही बऱ्याच ठिकाणी ओसरली.

दोन प्रसंगी मी विशेष आग्रह धरते. एक जावळाचा. बाळाच्या टाळूची त्वचा नाजूक असते, बाळ हलते आणि ओरखडा हमखास उठतो; तिथे ब्लेड समोर मोडलेली हवी, वस्तऱ्याची पट्टी स्पिरिटने पुसलेली हवी आणि टॉवेल आपल्या घरचा हवा. मुहूर्ताची घाई आणि जमलेल्या नातेवाइकांची गडबड यांत हे राहून जाते, म्हणून हे काम आदल्या दिवशीच कोणावर तरी सोपवावे. दुसरा प्रसंग दशक्रियेचा. घाटावर एकापाठोपाठ एक क्षौर होत असते, दुःखाच्या वेळी ब्लेडविषयी बोलणे कोणाला सुचत नाही, आणि सुचले तरी प्रशस्त वाटत नाही. घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाने ब्लेडचे पाकीट आणि स्पिरिटची छोटी बाटली सोबत नेली तर कोणाला काही बोलावे लागत नाही.

ड्रायर आणि स्ट्रेटनर यांचे काम थोडक्यात आटोपते. ड्रायरच्या मागच्या जाळीवर धूळ आणि केस साचले की हवा आत जात नाही, तो तापून मध्येच बंद पडतो आणि जळका वास येतो; जाळी निघत असेल तर काढून, नसेल तर जागेवरच, कोरड्या ब्रशने झाडावी. स्ट्रेटनरच्या पट्ट्यांवर सीरम आणि तेल भाजून तपकिरी डाग पडतात. प्लग काढून, पट्ट्या थंड झाल्यावर, पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. खरवडू नये, पट्टीवरचा लेप एकदा निघाला की ती केसांना अडकते.

यानंतर उरते ते वाळवणे, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर तेच सगळ्यांत अवघड असते. धुतलेला कंगवा ओलाच बंद खणात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर धुण्याचे निम्मे श्रम फुकट जातात. झटकून, पुसून, पंख्याखाली दात खाली करून ठेवावा, आणि रोजची जागा म्हणून तळाला भोके असलेला उभा स्टँड वापरावा. तो न्हाणीघरात नको, कारण तिथली हवा पावसाळ्यात कधीच कोरडी होत नाही. ट्रिमर धुतला असेल तर पाते काढलेलेच ठेवून रात्रभर वाळू द्यावे आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच चार्जिंगला लावावा.

दात तुटलेला कंगवा टाकून द्यावा, कारण तुटलेली कड टाळूला ओरखडते आणि केस चिरते. गादीच्या ब्रशच्या काड्यांवरचे गोल टोक गळून पडले असेल किंवा गादी चिरून आत पाणी जात असेल तर तोही निवृत्त करावा. ट्रिमर साफ करून, तेल देऊनही केस ओढू लागला तर पाते बोथट झाले आहे. बऱ्याच मशीनना नुसते पाते वेगळे विकत मिळते, तेव्हा नवे मशीन घेण्याआधी दुकानात त्याची चौकशी करावी.